द्राक्षबागांच्या डोंगरात कुत्र्यासोबत: सांगलीकडे भटकणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

तासगाव, पलूस, खानापूर, कवठेमहांकाळ आणि मिरजेचा पूर्व भाग. या पट्ट्यात मी माणिकला घेऊन फिरतो. माणिक म्हणजे आमचा गावठी कुत्रा, वजन अठरा किलो. माणिक चमन या जातीच्या द्राक्षांच्या मांडवाखाली पिल्लू सापडलं, म्हणून नाव माणिक. रविवारी डोंगरावर कुणी भेटलं की तेच तेच प्रश्न येतात, म्हणून एकदाचं लिहून ठेवतोय. पहिलं उत्तर सगळ्यांत लांब आहे. तेवढंच वाचून बाकीचं सोडलंत तरी माझी हरकत नाही.

कुत्र्याने द्राक्षं किंवा बेदाणे खाल्ले तर खरंच काही होतं का?

होतं. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी करू शकतात. हिरवी असोत की काळी, बिनबियांची असोत की बियांची, सालीसकट असोत की सोललेली, फरक पडत नाही. बेदाणा जास्त वाईट, कारण साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो. पाणी उडून जातं, बाकी सगळं त्यात राहतं.

नेमकं कशामुळे होतं, हे बरीच वर्षं कोडं होतं. २०२१ च्या सुमारास अमेरिकेतल्या विषबाधा-तज्ज्ञ पशुवैद्यांनी टार्टारिक आम्लाकडे बोट दाखवलं आणि आता संशयाची सुई तिथेच आहे. द्राक्षाच्या आंबटपणात याच आम्लाचा मोठा वाटा असतो. जात, पिकण्याची पायरी, हंगाम यांप्रमाणे त्याचं प्रमाण बदलतं. आपल्याकडच्या वाचकांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी: हेच आम्ल चिंचेतही भरपूर असतं. रस्त्याकडेच्या चिंचेखाली कुत्रं काही चघळत बसलं असेल तर तेही सोडवून घ्या.

किती खाल्ले तर धोका? नोंद झालेल्या प्रकरणांत सर्वांत कमी मात्रा वजनाच्या दर किलोमागे साधारण तीन ग्रॅम बेदाणे किंवा वीस ग्रॅम द्राक्षं अशी आढळते. माणिकच्या वजनाला हिशेब लावला तर पन्नास-पंचावन्न ग्रॅम बेदाणा, म्हणजे एक-दोन मुठी. पॉमेरियनसारख्या छोट्या कुत्र्याला चिमूटभरही जास्त. याच्या खाली खाल्लं तर सुरक्षित, असा अर्थ मात्र काढू नका. तशी खात्रीची रेषा कुणीच आखून दिलेली नाही.

आमच्यावर बेतलं ते मार्च महिन्यात. सावळजच्या बाजूला एका नातेवाइकाच्या बेदाण्याच्या शेडवर चहाला थांबलो होतो. ज्यांनी शेड पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो: उघड्या माळावर, वारं लागेल अशी जागा बघून, लोखंडी सांगाड्यात एकावर एक जाळ्या ताणलेल्या असतात. पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवून काढलेली द्राक्षं त्यांवर पसरतात. पंधरा-वीस दिवसांत माल वाळला की रॅक हलवून बेदाणा खाली पाडतात आणि झाडून गोळा करतात. आम्ही पोचलो तेव्हा हे झाडणंच चालू होतं. माणिकची दोरी मी खुर्चीच्या पायात अडकवली होती. तो खुर्चीसकट सरकला. कपबशी खाली ठेवून वळून बघतो, तर तो ताडपत्रीच्या कडेला काडीकचऱ्यातून दाणे वेचून खातोय आणि शेपूट हलवतोय.

किती खाल्ले ते कळलं नाही. तिथूनच एका डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, “अहो, बेदाण्याने शक्ती येते, काळजी करू नका.” सुदैवाने दुसऱ्या दवाखान्यात तासाभरात पोचलो. तिथे इंजेक्शन देऊन उलटी करवली. निघालेले दाणे मोजत बसायची इच्छा नव्हती, पण ट्रे भरला होता. मग कोळशाची पूड पाण्यातून पाजली, दोन दिवस सलाइन लावलं आणि तीन दिवस रोज रक्तातल्या क्रिएटिनिनची तपासणी झाली. मूत्रपिंडं बिघडली की तो आकडा वाढतो. आमचा वाढला नाही. वाढला असता तर या प्रश्नोत्तरांची गरजच उरली नसती.

तर खाल्ल्याचं दिसलं की लक्षणांची वाट बघायची नाही. उलटी बहुतेक पहिल्या दिवसातच सुरू होते. मग कुत्रं मलूल पडतं, खात नाही, पोट आखडून धरतं. मूत्रपिंडाचं नुकसान एक ते तीन दिवसांत दिसू लागतं: आधी लघवी वाढल्यासारखी वाटते, पुढे कमी होते, शेवटी थांबते. थांबल्यावर हातात फार थोडं उरतं. पहिल्या दोन तासांत उलटी करवता आली तर सगळं सोपं. घरी मिठाचं पाणी पाजून उलटी करवायच्या भानगडीत पडू नका. मिठाची वेगळी विषबाधा होते आणि ठसका लागून पाणी फुप्फुसात जातं ते निराळंच.

शेतकरी तर म्हणतात, आमची कुत्री रोज द्राक्षं खातात!

हे मीही शंभरदा ऐकलंय. “काय हुत न्हाई ओ, आमचं कुत्रं घड ओढून खातंय.” ते खोटं बोलत नाहीत. सगळ्या कुत्र्यांना सारखाच त्रास होत नाही. काही भरपूर खाऊनही धडधाकट राहतात, काही थोड्यात जातात, आणि आपलं कुठल्या गटातलं हे आधी कळायला मार्ग नाही. दुसरं असं की बागेवरचं कुत्रं चार दिवस दिसलं नाही, तर ते बिबट्याने नेलं, गाडीखाली आलं की मूत्रपिंडाने गेलं, याची चौकशी कोण करतंय? मेलेल्या कुत्र्याचं रक्त कुणी तपासत नाही.

राहिली कोल्ह्याची गोष्ट. आंबट म्हणून सोडून जाणारा कोल्हा म्हणीत ठीक आहे. खरा कोल्हा बागेत येतो आणि खालचे घड निवांत खाऊन जातो. त्याचं पोट वेगळं, आपल्या कुत्र्याचं वेगळं.

मग अशा भागात कुत्र्याला न्यायचंच कशाला?

कारण हा भाग सह्याद्रीच्या कड्यांपेक्षा कुत्र्याला पुष्कळ सोसणारा आहे. चढ बेताचे, वाटा रुंद, पाऊस मोजका, जळवा नाहीत. टेकडीवर उभं राहिलं की खाली मांडवांच्या ओळी, मध्ये एखादं शेततळं चकाकतंय, पलीकडे उजाड माळ आणि त्यावर पवनचक्क्या. धोके आहेत, पण बहुतेक ओळखीचे आणि टाळता येण्यासारखे. सहा फुटांची मजबूत दोरी आणि बेदाण्याच्या दिवसांत तोंडाला मुसकं, एवढ्यात अर्धं काम होतं. मुसकं जाळीचं घ्या, ज्यातून त्याला धापा टाकता येतील आणि पाणी पिता येईल. कापडी पट्ट्याने तोंड आवळून चढ चढवणं म्हणजे छळ.

कोणत्या महिन्यात जावं?

लोक जानेवारी-फेब्रुवारी सांगतात, कारण बागा घडांनी लगडलेल्या असतात आणि फोटो छान येतात. कुत्रं सोबत असेल तर माझं मत उलटं आहे: श्रावण-भाद्रपद.

इथल्या बागेचं वर्ष असं चालतं. एप्रिलच्या आसपास खरड छाटणी. त्यानंतर वेलीला फक्त काडी तयार होते, फळ नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी आणि मग पुढचे काही महिने फवारण्यांचा सपाटा. जानेवारीपासून एप्रिलपर्यंत काढणी, आणि फेब्रुवारीपासून शेडवर बेदाणा. म्हणजे जुलै ते सप्टेंबर मध्यापर्यंत मांडवावर मणी नाही, खाली गळ नाही, शेडा रिकाम्या, फवारणी त्यामानाने कमी. जिल्ह्याचा हा भाग पर्जन्यछायेत असल्याने पावसाने फिरणं बंदही पडत नाही. दंडोबाचा डोंगर हिरवागार असतो. साप मात्र याच दिवसांत जास्त, ते पुढे येईलच.

दुसरी पसंती डिसेंबर. हवा थंड, मणी अजून हिरवे आणि कडक. फक्त फवारणीकडे लक्ष ठेवावं लागतं. मार्च ते मे मी डोंगर बंद ठेवतो. ऊनही असतं, बेदाणाही असतो.

पहिल्यांदाच निघतोय, कुठे जावं?

दंडोबा. मिरजेहून पंढरपूर रस्त्याने तासाभराच्या आत पायथा येतो. भोसे, खंडेराजुरी, सिद्धेवाडी या गावांच्या मधोमध हा डोंगर आहे. वर डोंगराच्या पोटात कोरलेलं शंकराचं देऊळ आहे. वनखात्याने झाडं राखल्यामुळे सावली मिळते. आमची रीत अशी: उजाडायच्या आत पायथ्याला गाडी लावायची, वर जायचं, नऊच्या आत खाली यायचं. सुट्टीच्या दिवशी दहानंतर सहली येतात, पोरं कुत्र्यावर खडे मारतात आणि खडे मारणाऱ्या पोरांवर आपण ओरडलो की सहल बिघडते, ती दोघांचीही.

अंगात थोडी रग असेल तर खानापूर तालुक्यातला बाणूरगड, म्हणजेच भूपाळगड. १६७९ मध्ये दिलेरखानाने हाच किल्ला घेतला तेव्हा संभाजीराजे त्याच्या छावणीत होते आणि किल्लेदार होते फिरंगोजी नरसाळा. गडावर बहिर्जी नाईकांची समाधी आहे. जवळच शुक्राचार्य. दरीत उतरणाऱ्या पायऱ्या, दाट झाडी, गुहेतलं देऊळ. या दोन्ही ठिकाणांच्या अलीकडे-पलीकडे पळशी-खानापूरकडच्या बागा आहेत आणि तिथली निर्यातीची द्राक्षं नावाजलेली आहेत.

कुंडलचे डोंगर तिसरे. तिथे जैन तीर्थ असल्याने यात्रेकरूंची ये-जा असते, तेव्हा दोरी आखूड. कुकटोळीजवळचा गिरलिंग शांत आहे, पण सावली कमी. उन्हाळ्यात नाव काढू नका.

सागरेश्वर आणि चांदोलीला नेता येतं का?

नाही. सागरेश्वर १९८५ पासून अभयारण्य आहे. क्षेत्र जेमतेम अकरा चौरस किलोमीटरचं आणि भोवती कुंपण. आत सांबर, चितळ, काळवीट. उजाड डोंगरावर माणसांनी झाडं लावून उभं केलेलं हे जंगल आहे, त्यात आपलं कुत्रं सोडून हरणं उधळायची म्हणजे लाजच. चांदोली तर राष्ट्रीय उद्यान आणि सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग. कुत्र्यांच्या अंगावरून गोचीड, डिस्टेंपर, रेबीज असं काहीही रानात जाऊ शकतं, म्हणून ही बंदी योग्यच आहे. “आमचं शांत आहे” हे गेटवर सांगून उपयोग नाही. सागरेश्वर बघायचंच असेल तर एकाने देवराष्ट्रेत कुत्र्यापाशी थांबावं. हे यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव. त्यांचं जन्मघर एकाने आधी बघावं, एकाने नंतर.

बागेतून वाट काढली तर शेतकरी चिडतात का?

माणसावर चिडत नाहीत, कुत्र्यावर चिडतात, आणि त्यांचं बरोबर आहे. निर्यातीच्या बागेला ग्लोबलगॅपसारखी प्रमाणपत्रं लागतात. त्यात जनावरांचा वावर, स्वच्छता सगळं तपासलं जातं. कुत्र्याने बुंध्यापाशी घाण केली किंवा ठिबकची नळी चावली, तर दोन्हीचा भुर्दंड मालकाला.

बांधावरून चला, ओळीत शिरू नका. मालक दिसला तर हाक मारून विचारा: “दादा, बांधानं जाऊ का? कुत्रं बांधलेलं हाय.” शेवटचं वाक्य महत्त्वाचं. आजवर मला एकदाच नकार आला आणि तोही “आत्ताच मारलंय, आज नको” असा. त्या नकाराबद्दल मी त्यांचा आभारी आहे.

“मारलंय” म्हणजे काय? फवारणीचा कुत्र्याला कितपत धोका?

मारलंय म्हणजे औषध मारलंय. डाऊनी आणि भुरी हे बुरशीचे रोग म्हणजे द्राक्षाचे दोन कायमचे वैरी. ढगाळ हवा पडली की ट्रॅक्टरचे ब्लोअर रात्रीसुद्धा ऐकू येतात. मोरचूद-चुन्याचं बोर्डो मिश्रण, गंधक, वेगवेगळी बुरशीनाशकं आणि कीटकनाशकं. कुत्र्याच्या बाबतीत अडचण ही की ते पायाला लागलेलं चाटतं. माणसाने बूट काढले की संपलं, कुत्र्याचं जेवणच पंजांवरून होतं.

सर्वांत सांभाळायचा काळ फळछाटणीनंतरचा आठवडा. काडीवरचे डोळे, म्हणजे कोंब, एकसारखे फुटावेत म्हणून तिच्यावर हायड्रोजन सायनामाइड हे औषध लावतात. लावणारी माणसं हातमोजे घालतात, आणि त्या दिवशी दारूला शिवायचं नाही हे गडीमाणसांनाही पाठ असतं, कारण त्या औषधावर दारू घेतली तर माणूस आडवा पडतो. जिथे माणूस एवढा जपतो तिथे कुत्रं न्यायचं नाही, बस्स.

ओली पानं, निळसर-पांढरे डाग, औषधाचा वास, टाकीपाशी पडलेल्या रिकाम्या बाटल्या, यातलं काहीही दिसलं की वाट बदला. बांधावर साचलेलं पाणी, ब्लोअरच्या टाकीखालचं डबकं, ठिबकच्या नळीतून गळणारं पाणी प्यायला देऊ नका. त्यात खत सोडलेलं असू शकतं. घरी आल्यावर पंजे साबणाने धुवा, बोटांच्या बेचक्यांतूनसुद्धा.

आणि एक कुणी सांगत नाही ते: पेंड. बुंध्याशी घातलेली एरंडीची पेंड कुत्र्यांना फार आवडते आणि एरंडीत रायसिन हे जहाल विष असतं. खत घातलेल्या बागेत कुत्रं जमीन उकरून खायला लागलं तर ओढून बाहेर काढा.

कुत्र्याला शेततळ्यात पोहू द्यावं का?

अजिबात नको. मला या भागात सापापेक्षा शेततळ्याची भीती जास्त वाटते. त्याचे उतार प्लास्टिकच्या कागदाने मढवलेले असतात. पाणी प्यायला वाकलेलं कुत्रं घसरून आत जातं आणि मग बाहेर येताच येत नाही. नखं कागदावर नुसती सुर्र सुर्र वाजतात, पाय धरत नाही. पोहता येणारं कुत्रंसुद्धा दमून बुडतं. त्याला काढायला मालक उतरतो आणि तोही अडकतो. अनेक शेततळ्यांत कडेला दोर किंवा टायर बांधून सोडलेले असतात, पोचल्यावर आधी ते कुठे आहेत बघून ठेवा. कुत्रं पडलंच तर काठावर पोटावर झोपून दोरीचा फास टाका, स्वतः उतरू नका. म्हणूनच मी माणिकला गळपट्टा नाही, छातीपट्टा घालतो. वर मूठ असलेला मिळतो, उचलता येतं.

टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा योजनांच्या सिमेंटच्या कालव्यांचंही तसंच. आवर्तन सुटलेलं असलं की पाणी दिसायला संथ आणि ओढ जबर. कठडा नसलेल्या विहिरींबद्दल वेगळं सांगायला नको.

उन्हात किती चालवावं?

पंजाखालची जमीन तापलीय का ते आपल्या हाताच्या मागच्या बाजूने बघा. सात सेकंद ठेववत नसेल तर त्यालाही चालवत नाही. कुत्र्याचं नेहमीचं तापमान ३८ ते ३९ अंश सेल्सियसच्या आसपास, ४१ च्या वर गेलं की जिवाला धोका. जीभ लांब आणि गडद लाल, लाळ चिकट, चाल अडखळती, असं दिसलं की सावलीत घ्या, साधं गार पाणी पोटावर, मांड्यांत, छातीवर ओतत राहा, वारा घाला, आणि मग दवाखाना. आधी थंड करायचं, मग न्यायचं. ओला टॉवेल पांघरून ठेवू नका, आत वाफ कोंडते.

पाणी दोघांचं मिळून घ्या. माणिकसाठी मी तीन तासांना दीड लिटर वेगळं धरतो. पग, बुलडॉगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना या डोंगरात आणू नका, डिसेंबरातसुद्धा.

साप, गोचीड, कुसळं?

नाग, मण्यार, घोणस, फुरसं, चारही विषारी साप आपल्याकडे आहेत. फुरसं दगडधोंड्यांत, घोणस बांधावरच्या गवतात. चावा बहुतेक नाकावर किंवा पुढच्या पायावर होतो, कारण कुत्रं हुंगायला जातं. बांधणं, चिरणं, चोखणं काही नाही. उचलून घ्या, चालवू नका, दवाखान्यात फोन करून प्रतिविष आहे का ते विचारूनच त्या दिशेने निघा. या चारही सापांवर चालणारं एकच प्रतिविष आपल्याकडे मिळतं, त्यामुळे साप ओळखत बसायची गरज नाही.

गोचिडांसाठी महिन्याचं औषध निघायच्या दोन-तीन दिवस आधी. परतल्यावर कान, काखा, बोटांच्या बेचक्या चाचपा.

कुसळांकडे लोक दुर्लक्ष करतात. दिवाळीनंतर माळावरचं गवत वाळलं की त्याची कुसळं केसांत घुसतात आणि एकाच दिशेने आत आत सरकतात. कानात गेलं तर कुत्रं सारखं डोकं झटकतं, पंजात गेलं तर आठ दिवसांनी गळू येतं. लांब केसांच्या कुत्र्याचे पंजांमधले केस आधीच कापून टाका.

वाटेत मेंढरं आडवी आली तर?

थांबा, कुत्र्याला पायाशी घ्या, कळप जाऊ द्या. धनगरांची कुत्री कामावर असतात. तुमचं कुत्रं त्यांच्या लेखी लांडगाच, आणि खानापूर-आटपाडीकडच्या माळांवर खरे लांडगे असल्याने त्यांना दोष देता येत नाही. लांबूनच आवाज द्या: “पावणं, कुत्री आवरा!” ते एक शीळ घालतात आणि काम होतं. डोळ्याला डोळा देऊ नका, पळू नका, आपलं कुत्रं उचलून डोक्यावर धरू नका. तुमच्याच अंगावर उड्या पडतील.

गावकुत्र्यांचं निराळं. त्यांची हद्द पारापासून मंदिरापर्यंत असते, तेवढी पार केली की ती परत फिरतात. मी गाव टाळून बाहेरच्या पाणंदीने जातो. रेबीजची लस चालू नसेल तर या भागातच नव्हे, कुठेच नेऊ नका.

शिराळा-वाळव्याच्या बाजूला उसात बिबटे आहेत. तिकडे अंधार पडायच्या आत गाडीत.

देवळात कुत्रं चालतं का?

बाहेर चालतं. खंडोबाच्या पायाशी कुत्रं, दत्ताच्या पायाशी चार, त्यामुळे आपल्याकडे कुत्र्याला देवाच्या दारातून हाकलणं लोकांना जरा जड जातं. औदुंबरला नदीकाठी बसलो होतो तेव्हा एका आजींनी आधी माणिकला नमस्कार केला, मग मला विचारलं, “कुठलं तुमी?” पण याचा फायदा घेऊन गाभाऱ्यापर्यंत न्यायचं नाही. आळीपाळीने दर्शन घ्या. प्रसादात मनुके-बेदाणे असतात आणि प्रेमाने कुत्र्याला भरवणारे हातही असतात. आधीच हात जोडून सांगा.

इथे वाइनरी बघता येतात का? कुत्र्यासकट?

पलूसला कृष्णा व्हॅली वाइन पार्क आहे. २००१ च्या राज्याच्या द्राक्ष प्रक्रिया धोरणानंतर ते उभं राहिलं. पण नाशिकसारखी पर्यटकांची रांग आणि चाखायची दालनं डोक्यात ठेवून येऊ नका. सांगलीचा जीव खायच्या द्राक्षांत आणि बेदाण्यात आहे. कुठे आत सोडलंच तर कुत्रं गाडीपाशी कुणाच्या तरी सोबतीने ठेवा, बंद गाडीत नाही. वाइन गाळून उरलेला चोथा बाहेर टाकलेला असतो. त्यात द्राक्षाचं विषही आणि दारूही.

सोबत काय घ्यावं? दवाखान्याचं काय?

दोरी, छातीपट्टा, मुसकं, पाणी, वाटी, चिमटा, बँडेज, जुनी चादर. चादर कुत्रं उचलून न्यायला लागते, दोन माणसं दोन टोकं धरतात. माणसाच्या गोळ्या, म्हणजे पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन, देऊ नका.

तालुक्याच्या सरकारी दवाखान्यातले डॉक्टर चांगले असतात, पण त्यांचा दिवस गाई-म्हशींत जातो. कुत्र्याचं रक्त तपासणारी, रात्री सलाइन लावणारी सोय सांगली-मिरजेलाच शोधावी लागते. निघायच्या आदल्या दिवशी दोन दवाखान्यांना फोन करून एकच प्रश्न विचारा: “कुत्र्याने बेदाणे खाल्ले तर तुम्ही काय कराल?” उत्तरात उलटी आणि सलाइन आलं तर नंबर जपून ठेवा. हसले तर दुसरा शोधा. १९६२ हा फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा क्रमांकही असू द्या.

पुण्याहून रेल्वेने आणता येईल का?

येईल. एसी फर्स्टचं कुपे पूर्ण आपल्या नावावर असेल तर सोबत, नाहीतर गार्डच्या डब्यातल्या कुत्र्याच्या पेटीत. दोन्हीला पार्सल ऑफिसात नोंद करावी लागते, लसीचा कागद लागतो. पेटीत मी माणिकला एकदाच ठेवलं आणि पुन्हा नाही. उतरायला किर्लोस्करवाडी पलूस-कुंडलला जवळ, मिरज दंडोब्याला.

घरी न्यायला बेदाणा कुठून घ्यावा?

तासगावातून. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. सोनेरी, हिरवा, काळा, सगळे प्रकार दिसतात, दाणा चाखून घ्या. आणि ती पाच किलोची पेटी डिकीत ठेवा, झाकण लावून. मागच्या सीटवर कुत्रं आणि त्याच्या शेजारी बेदाण्याची पिशवी, अशी गाडी मी तासगावच्या चौकात स्वतः पाहिलीय. काचेवर टकटक करून सांगितलं, तर आतले गृहस्थ म्हणाले, “तो खात नाही हो, नुसता वास घेतोय.”